तुर्तुकला ‘शेवटचं गाव’ का म्हणतात?

केतकी_व

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं लडाखला जाऊन आलो. खर्दुंगला खिंड, हुंदरची वाळू, दोन वशिंडांचे उंट यांवर इथे शंभर धागे आहेत, ते परत उगाळत नाही. मला विचारायचंय ते तुर्तुकबद्दल.

हुंदरहून निघताना ड्रायव्हर म्हणाला, “आगे हिंदुस्तान का आखिरी गाँव है.” दोनअडीच तास नुसता करडा डोंगर आणि मातकट श्योक. मग एका वळणावर एकदम हिरवंगार! कुट्टूची गुलाबी-पांढरी शेतं, घराघरांतून वाहणारे पाट आणि धाब्याच्या छतांवर वाळत घातलेले जर्दाळू. घरगुती मुक्काम होता. घरातले आजोबा गच्चीवर एका सपाट दगडावर बिया फोडत बसले होते. एक बी ठेवायची, गोट्याने एकच टोला, मगज डाव्या टोपलीत, टरफल उजव्या. नजर बियांवर नाहीच, आमच्यावर.

माझी लेक आठवीत आहे. तिने विचारलं, “आप कहाँ पैदा हुए?” आजोबांनी बोट खाली केलं, खालच्या खोलीकडे. लेकीने ड्रायव्हरकडून १९७१ चं ऐकलं होतं, म्हणून पुढचा प्रश्न, “तो मतलब पाकिस्तान में?” आजोबांनी पुन्हा तेच बोट, त्याच खोलीकडे. “यहाँ.” आणि पुढची बी घेतली.

परतीच्या वाटेवर मी लेकीला समजावून सांगायला गेले आणि माझंच गाडं अडलं. आजोबा ऐंशीच्या पुढचे. म्हणजे जन्म महाराजा हरिसिंगांच्या राज्यात, मग २३-२४ वर्षं पाकिस्तानच्या ताब्यात, मग भारत. घर तेच. हे नेमकं कसं झालं? आणि दुसरं, ‘शेवटचं गाव’ म्हणतात, पण रस्ता तर तुर्तुकच्या पुढेही जातो. मग शेवटचं कसं?

टग्या

फोटो?

केतकी_व

टाकते रे. फोन बदललाय, जुन्यातून काढायचेत.

भूगोल_मास्तर

चांगला प्रश्न. आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा, इतिहास मग आपोआप समजेल.

श्योक ही विचित्र नदी आहे. रिमो हिमनदीतून निघते, आधी आग्नेयेला वाहते, मग कोपर वाकवल्यासारखी वळते आणि उलटी वायव्येला निघते. दिस्कितजवळ सियाचीनकडून येणारी नुब्रा तिला मिळते. तिथून ती हुंदर, बोगदांग, चलुंखा, तुर्तुक, त्याक्षी, थांग अशी जाते, नियंत्रण रेषा ओलांडते, खप्लूवरून वाहते आणि स्कर्दूच्या अलीकडे केरिसला सिंधूला मिळते.

आता बघा. तुर्तुकची उंची सुमारे ३००० मीटर, लेह ३५०० च्या आसपास. आणि लेहला जायचं तर मध्ये खर्दुंगला, ५३५९ मीटर. (तिथल्या जुन्या पाटीवरचे १८,३८० फूट विसरा, ते हौसेचे आहेत.) याउलट खप्लूला जायला चढ नाही, खिंड नाही, नदीच्या कडेकडेने उतरत जायचं. मग तुर्तुकची माणसं शेकडो वर्षं मीठमिरचीला, लग्नाला, कोर्टकचेरीला कुठे गेली असतील? अर्थात खप्लू-स्कर्दूला. भाषा बाल्टी, पंथ नूरबख्शी (इस्लाममधला एक सूफी पंथ), जुनं राजघराणं यबगो, तेही खप्लूचंच. तुर्तुकच्या यबगो वाड्यावरून ते आजही कळतं.

म्हणजे तुर्तुक हे खप्लूच्या खोऱ्याचं वरचं टोक. १९७१ नंतर ते नुब्राचं खालचं टोक झालं. गाव जागचं हललं नाही, पण त्याला अख्खं पाठमोरं व्हावं लागलं.

चिन्मयी

“पाठमोरं व्हावं लागलं” आवडलं. मास्तर, तुम्ही आम्हाला शाळेत का नव्हतात? आम्हाला नद्यांची फक्त लांबी पाठ करायला लावली.

कायदेपंडित

एक दुरुस्ती. तुर्तुक ‘पाकिस्तानातून भारतात आलं’ असं सगळीकडे लिहितात, ते चूक आहे. २६ ऑक्टोबर १९४७ ला महाराजांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली, तेव्हा संस्थानासोबत लडाख वझारतही (म्हणजे तेव्हाचा जिल्हा) आली. तिचे तीन तालुके होते, लेह, कारगिल आणि स्कर्दू. म्हणजे तुर्तुक कायद्याने तेव्हापासून भारताचंच. १४ ऑगस्ट १९४८ ला स्कर्दूचा किल्ला पडला, १ जानेवारी १९४९ ला युद्धविराम झाला आणि त्या रेषेच्या पलीकडे जे राहिलं त्यात तुर्तुक होतं. १९७१ मध्ये आपण आपलंच परत घेतलं. लेकीला असं सांगा.

दुसरं, ही आंतरराष्ट्रीय सीमा नव्हे, नियंत्रण रेषा आहे. १९४९ ची युद्धविराम रेषा वेगळी. २ जुलै १९७२ च्या सिमला कराराने १७ डिसेंबर १९७१ ला सैन्यं जिथे होती ती रेषा मानली, म्हणून ही गावं आपल्याकडे राहिली. पश्चिमेकडची पंजाबातली जिंकलेली जमीन मात्र दोघांनी एकमेकांना परत केली, कारण तिथे आंतरराष्ट्रीय सीमा होती. हा फरक लक्षात घेतला नाही तर तुर्तुक का राहिलं हेच कळत नाही.

काठावरची

पंडित, दुसरा मुद्दा मान्य, आणि मला नवीनही. पहिला कागदावर बरोबर आहे. पण त्या आजोबांना २३ वर्षं शाळेत कुठल्या झेंड्याला सलाम करायला लावला, नोटेवर कुणाचं चित्र होतं, भाऊ कुठल्या शहरात नोकरीला गेला, हे करारात लिहिलेलं नसतं. आठवीतल्या मुलीला दोन्ही सांगावं.

माझी आजी फोंड्याची. तिचा जन्मदाखला पोर्तुगीजमध्ये आहे. डिसेंबर १९६१ नंतर ती भारतीय झाली तेव्हा ती विहिरीवर पाणी शेंदत होती म्हणे. तिला कुणी विचारलं “पोर्तुगालला जन्मलीस का गं?” तर ती पळी घेऊन धावायची.

मराठवाडी_मिरची

काठावरची, सेम टू सेम. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले, चौथीपर्यंत उर्दू शिकले, हाली सिक्क्यात मजुरी घेतली. सप्टेंबर १९४८ ला राज्य गेलं. शेवटपर्यंत हिशेब मात्र उर्दूत मांडायचे, घरात कुणाला वाचता येऊ नये म्हणून. तुर्तुकचे आजोबा फार लांबचे वाटले नाहीत.

टग्या

आता कुणीतरी बेळगाव काढणार. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संपादक_मंडळ

बेळगाव, निपाणी, कारवार यांच्यासाठी तीन स्वतंत्र धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत. इथे लडाखच राहू द्या.

निवृत्त_सुभेदार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमची पलटण ९९ च्या लढाईनंतर त्या भागात होती. तेव्हा पर्यटक हा शब्द तिथे कुणाला ठाऊक नव्हता. २०१० ला गाव खुलं झालं, त्याआधी बाहेरचा माणूस म्हणजे वर्दीतलाच.

७१ ची गोष्ट आम्हाला तिथल्या पोरांनी सांगितली आणि पलटणीतही सांगतात. मेजर चेवांग रिंचेन. नुब्रातल्याच सुमूरचे. १९४८ मध्ये सतराव्या वर्षी नुब्रा गार्ड्समध्ये आले आणि महावीर चक्र मिळवलं. ७१ ला तेच पुन्हा लडाख स्काउट्सचे जवान घेऊन श्योकच्या खोऱ्यात उतरले. खोऱ्यातून सरळ चालत गेले असते तर समोरच्या मोर्चांनी टिपून काढलं असतं. म्हणून रात्री डोंगरमाथ्यावरून गेले, डिसेंबरच्या थंडीत, आणि वरून खाली आले. आधी चलुंखा, मग तुर्तुक, मग पुढची गावं. १७ डिसेंबरला युद्धविराम झाला आणि तिथेच रेषा थांबली. सुमारे ८०० चौरस किलोमीटर मुलूख. त्याबद्दल त्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळालं. दोनदा मिळवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

ज्याने तो डिसेंबर तिथे काढलाय त्याला विचारा. आम्ही तर बुखारी पेटवून बसायचो तरी चहाचा कप खाली ठेवला की वर साय नाही, बर्फाची कड यायची. हे लोक तेव्हा उघड्या कड्यावर होते.

आणखी एक नाव लिहितो. कॅप्टन हनीफुद्दीन, ११ राजपुताना रायफल्स. जून १९९९ मध्ये तुर्तुकच्या वरच्या कड्यांवर वीरगती, वीर चक्र. त्या सब-सेक्टरला आता त्यांचं नाव आहे, सब-सेक्टर हनीफ. कारगिल म्हटलं की लोकांना द्रास आणि बटालिक आठवतं, तुर्तुक कुणाच्या लक्षात नसतं.

केतकी_व

सुभेदारसाहेब, खूप आभार. हे लेकीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, गावातल्या लोकांनी तेव्हा काय केलं?

निवृत्त_सुभेदार

बाळा, आम्हाला म्हाताऱ्या लोकांनी जे सांगितलं ते असं. गोळीबार सुरू झाला तसे बरेच लोक घरं सोडून आडोशाला गेले. सकाळी बघतात तर फौज वेगळी. भीती होतीच. पण समोरचे जवान लडाखी, चेहरेपट्टी आपल्यासारखी, बोलीही थोडी कळणारी. रिंचेनसाहेबांनी गावाला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद दिली होती, असं तिथे आजही सांगतात. लोक परत आले आणि पाटाचं पाणी शेताला सोडायला लागले. पाणी काही सरकार बदललं म्हणून थांबत नाही.

चिन्मयी

बोलीबद्दल थोडं अवांतर. बाल्टी ही तिबेटी कुळातली, पण गंमत म्हणजे ल्हासाने टाकून दिलेले जुने उच्चार तिने जपलेत. तिबेटीत ‘तीन’ लिहिताना सुरुवातीला ‘ग’ लिहितात पण म्हणतात ‘सुम’. बाल्टी माणूस आजही ‘ख्सूम’ म्हणतो, म्हणजे जवळजवळ लिहिल्यासारखं. धर्म बदलला, लिपी बदलून फारसी-अरबी वळणाची झाली, आणि उच्चार मात्र हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे. आपल्याकडे एखादी कोकणी आजी ज्ञानेश्वरीतला शब्द सहज बोलून जाते ना, तसं.

पोटोबा

इतका गंभीर धागा आणि कुणी खाण्याचं काही लिहीत नाही, हे बरं नव्हे.

तुर्तुकला कुट्टूच्या पिठाची ‘किसिर’ खाल्ली. म्हणजे आपलं धिरडंच, जरा जाड, अंगभर जाळी. सोबत अक्रोड आणि दह्याचं काहीतरी हिरवं. चार खाल्ली आणि पाचवं नको म्हणायला लाज वाटली, कारण बाई तव्यावर घालून मोकळ्या. आणि त्यांचं दगडी शीतघर बघा कुणी जाणार असाल तर, ‘नांगचुंग’ म्हणतात. दगडांच्या राशीच्या फटींतून बर्फगार वारा येतो, त्यावरच दगड रचून खोली बांधलेली. भर ऑगस्टमध्ये आत लोणी घट्ट. वीज नाही, कॉम्प्रेसर नाही, दुरुस्तीवाला “उद्या येतो” म्हणून आठवडा लावत नाही.

टग्या

पोटोबा, शेवटच्या वाक्यात जखम दिसतेय.

पोटोबा

ताजी आहे. विषय नको.

झुळूक

जर्दाळूवर एक भर. सगळ्या बिया गोड नसतात हं. कडू बियांचं तेल काढतात, त्या मूठभर खायच्या नाहीत. लडाखच्या पांढऱ्या बीच्या ‘रक्तसे कार्पो’ जातीला भौगोलिक मानांकन मिळालंय. आजोबा बघून न बघता डावी-उजवी टोपली करत होते ते वाचून हसू आलं, माझी आजी फणसाच्या आठळ्या तशाच निवडायची.

रानवाटा

मी २०१६ मध्ये एका तपासणी शिबिराबरोबर तिथे आठ दिवस होते. केतकी, तुझ्या लेकीच्या प्रश्नाला धरून एक गोष्ट.

आम्ही ज्यांच्याकडे राहिलो त्या बाईंचा मोठा भाऊ ७१ च्या आधी शिकायला खाली गेला होता. रेषा सरकली, तो तिकडेच राहिला. अशी घरं तिथे बरीच आहेत. कुणाचा नवरा कामाला गेलेला, कुणाची बहीण पलीकडे दिलेली. वाटेने चालत जावं एवढं अंतर. पण आता भेटायचं तर लेह, दिल्ली, वाघा, लाहोर, इस्लामाबाद, स्कर्दू असा अर्ध्या खंडाला वळसा. तोही व्हिसा मिळाला तर. काही जणांनी हजला जायचं ठरवून मक्केत एकमेकांना पाहिलं. मग मोबाइल आले.

एका संध्याकाळी त्या बाईंनी आवाजी निरोप ऐकवला. भाऊ बोलत होता, मला अक्षर कळलं नाही. बाईंनी हिंदीत सांगितलं, “पूछ रहा है, अखरोट का पेड़ है कि काट दिया.” मी विचारलं, तुम्ही काय कळवलं? म्हणाल्या, काहीच नाही अजून. झाड दोन वर्षांपूर्वी तोडलं होतं, गच्चीला लाकूड लागलं म्हणून.

काठावरची

वाचून थांबले जरा.

कायदेपंडित

रानवाटा, लिहिलंत हे बरं केलंत. काठावरचीचा मुद्दा मला मान्य आहे. कारगिल–स्कर्दू रस्ता उघडा ही मागणी कारगिलकडून वर्षानुवर्षं होतेय, ती अशाच घरांसाठी. कारगिलजवळचं हुंदरमान हेही ७१ ला इकडे आलेलं गाव. तिथल्या सोडून दिलेल्या जुन्या वस्तीत एका घरात छोटं संग्रहालय केलंय. मागे राहिलेली पत्रं, भांडी, एका माणसाची पेटी. जमलं तर लेकीला दाखवा.

घाटमाथा

सगळं झालं, पण केतकीताईंचा दुसरा प्रश्न हवेतच राहिलाय. रस्ता पुढे जातो, तर तुर्तुक शेवटचं कसं?

भूगोल_मास्तर

घाटमाथा, बरं केलंत, मीच विसरलो होतो.

‘शेवटचं गाव’ ही पदवी आहे आणि ती बदली होऊन फिरते. १९४९ ते ७१ श्योकच्या खोऱ्यात आपल्या ताब्यातलं शेवटचं गाव होतं बोगदांग. तेही बाल्टीच, पण ते रेषेच्या अलीकडे राहिलं होतं. केतकीताई, तुम्ही वाटेत ते ओलांडलंत, बहुतेक डुलकी लागली असेल. ७१ ला पदवी पुढे सरकली. खरं तर ती तेव्हाच थांगला जायला हवी होती. पण २०१० ला पर्यटकांना परवानगी मिळाली ती तुर्तुकपर्यंत, म्हणून टॅक्सीवाल्यांनी आणि प्रवासवर्णनांनी ती तुर्तुकला चिकटवली. आता लोक थांगलाही जातात, तिथून दुर्बिणीने पलीकडची घरं बघतात. म्हणजे तुर्तुक शेवटचं होतं ते तुमच्या-माझ्यासाठी. त्याक्षीच्या माणसाला विचारा, तो हसेल.

घाटमाथा

आणि आता ‘शेवटचं’ म्हणायचंच नाही, ‘पहिलं गाव’ म्हणायचं. उत्तराखंडात माणा गावाची पाटी २०२३ मध्ये बदललीच.

मराठवाडी_मिरची

पाटी बदलून बस वेळेवर येणार असेल तर आमच्या गावाला ‘मधलं गाव’ म्हणा.

काठावरची

मला ‘पहिलं’ पण तसं पटत नाही. पहिलं काय नि शेवटचं काय, मोजायला सुरुवात दिल्लीहूनच. मास्तरांनी वर सांगितलं तसं खप्लूच्या बाजूने मोजलं तर तुर्तुक कुठलं?

भूगोल_मास्तर

वरून दुसरं किंवा तिसरं. म्हणजे अगदीच मामुली. मला वाटतं ते तसं मामुली असतानाच सुखात असावं.

घाटमाथा

मास्तर, इथे मात्र असहमत. मामुली असताना तिथे रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता. ९९ नंतर लष्कराने सद्भावना मोहिमेतून त्या पट्ट्यात शाळा, दवाखाने, शिवणवर्ग सुरू केले. पर्यटक आले म्हणून पोरं लेहला हमालीला न जाता घरीच खोल्या भाड्याने देतात. टोकाचं गाव असल्याचा फायदाही झालाय. ‘पूर्वी सुखात होते’ हे आपण पुण्यात पंख्याखाली बसून लिहितो.

भूगोल_मास्तर

टोला मान्य. पंखा चालू आहे.

निवृत्त_सुभेदार

घाटमाथा बरोबर बोलले. फक्त फार गर्दी करू नका. पाट उथळ असतात, वरच्या घराने हात धुतले की खालच्या घराच्या भांड्यात येतात. गावातले लोक हे कुणाला सांगत नाहीत, सोसतात.

केतकी_व

सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीने हट्ट धरला म्हणून त्या घरी फोन लावला. आजोबांच्या नातवाने उचलला, नेटवर्क अर्धं येत होतं. लेकीने आजोबांना विचारायला सांगितलं की त्यांचं गाव पहिलं की शेवटचं. पलीकडे बाल्टीत बराच वेळ बोलणं झालं. मग नातू म्हणाला, आजोबा विचारतायत, पहिलं-शेवटचं कशाचं? इथे दोन रस्ते आहेत. लेहचा तो वरचा रस्ता. थांगचा तो खालचा रस्ता. खालच्या रस्त्याने त्यांची आई माहेरी जायची.

लेकीने वहीत नकाशा काढलाय. श्योक मास्तरांनी सांगितली तशी कोपर वाकवलेली. रेषा तुटक काढली आणि नदी तिच्यातून सलग, म्हणून पंडितांना विचारतेय, असं चालेल ना?

कायदेपंडित

नदी सलगच काढायची. आणि तुर्तुकच्या उत्तरेला एनजे-९८४२ हा बिंदू दाखवायला सांगा. रेषा तिथे संपते, पुढे १९४९ च्या करारात नुसतं “तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे” एवढंच लिहिलंय. त्या चार शब्दांपायी १९८४ पासून दोन्हीकडची माणसं सियाचीनच्या परिसरात बसली आहेत. पण तो वेगळा धागा होईल.

टग्या

काढा तो धागा. आणि केतकी, नकाशाचा तरी फोटो टाक.

झुळूक

आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जातोय. स्वतःची गाडी आहे. दिस्कितनंतर पेट्रोल मिळतं का? आणि थांगला जाऊन तुर्तुकला मुक्कामाला परत येता येतं का एका दिवसात?

निवृत्त_सुभेदार

पेट्रोल दिस्कितलाच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. थांग अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण सकाळी जा. ओळखपत्र जवळ ठेवा, चौकीवर दाखवावं लागतं. दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो, वाळू डोळ्यांत जाते. चौकीच्या आसपास कॅमेरा पिशवीत ठेवा. आणि सप्टेंबरअखेर जर्दाळू संपलेले असतात, अक्रोड मिळतील.